‘नको’ म्हणायचा सराव: मुलांना ठामपणा आणि स्वतःची सुरक्षितता कशी शिकवावी

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हाची एक संध्याकाळ. नात्यातला मोठा दादा त्याला गुदगुल्या करत होता. आधी दोघंही खिदळत होते. मग मुलाच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत पाणी आलं, धाप लागली आणि तो बारीक आवाजात ‘नको ना, नको ना’ म्हणू लागला. म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. ‘अरे, दादा गंमत करतोय,’ एवढंच म्हणाले. रात्री अंथरुणात पडल्यावर त्याने विचारलं, ‘आई, मी नको म्हणत होतो ते तुला ऐकू येत नव्हतं का?’

त्याआधीच्या महिन्यात मी त्याला चारदा बजावलं होतं, की कोणी नकोसं वागलं तर ‘नको’ म्हणायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. त्याला ते तोंडपाठ होतं. त्या संध्याकाळी त्याने जमेल तसं दोन्ही केलं. ‘नको’ म्हणाला आणि जवळच्या मोठ्या माणसाकडे बघितलं. कमी पडले ती मी.

पुढे मी जे शिकले, करून बघितलं, इतर पालकांना करायला लावलं, ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच. मुलाला सुरक्षित ठेवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे. मुलाला कितीही तयार केलं तरी ती त्याच्या खांद्यावर जात नाही. आपण त्याच्या हातात काही साधनं देतो, इतकंच.

मूल घाबरून जाईल का?

हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात आणि विषय पुढे ढकलतात. लैंगिक अत्याचार टाळण्यासाठी शाळांमधून जे शिक्षण दिलं जातं, त्यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने 2015 साली एकत्र आढावा घेतला. त्यात 24 अभ्यास आणि 5,802 मुलं होती. शिकलेल्या मुलांची माहिती वाढली, स्वतःला जपण्याची कौशल्यं वाढली, आणि शिकवण्यामुळे मुलांची भीती वाढल्याचं दिसलं नाही. रस्ता ओलांडायला शिकवताना आपण अपघातांची वर्णनं करत नाही. थांब, दोन्हीकडे बघ, मग चाल, एवढंच सांगतो. इथेही सूर तोच ठेवायचा.

पहिली पायरी: घरातल्या ‘नको’ला किंमत द्या

मूल नकार द्यायला पहिल्यांदा शिकतं ते आपल्यालाच. दिवसभर त्याचा प्रत्येक नकार ‘उलट बोलू नकोस’ म्हणून मोडून काढला, तर बाहेरच्या दांडग्या माणसासमोर त्याला एकाएकी आवाज फुटेल कुठून?

म्हणून आधी दोन गठ्ठे करा. काही बाबतींत नकार चालत नाही. औषध, दात घासणं, गाडीत पट्टा लावणं, रस्त्यावर हात धरणं या त्यात येतात. तिथेही निवड देता येते. ‘दात घासायचेच आहेत, आधी वरचे की खालचे ते तू ठरव.’ दुसऱ्या गठ्ठ्यात मुलाचं अंग, त्याचा खेळ, त्याची माया येते. कोणाला मिठी मारायची, कोणाच्या मांडीवर बसायचं, कोणाला पापा द्यायचा हे त्याचं तो ठरवेल. पाहुणे आले आणि मूल मागे सरकलं तर ‘जा, काकांना पापा दे’ म्हणून त्याला पुढे ढकलू नका. ‘हात हलवतोस की नुसतं बोलतोस?’ असं विचारा. बोलणं-चालणं सभ्य असावं हा आग्रह धरा, अंगाला अंग लावण्याचा नको. समोरच्याला वाईट वाटलं तर ते सांभाळायचं काम आपलं. ‘तिला आत्ता जवळ यायचं नाहीये, ती लांबूनच बोलेल,’ हे वाक्य हसतमुखाने आणि मुलाला ऐकू जाईल असं म्हणा. आपली बाजू मोठ्या माणसासमोर कोणीतरी घेतं, हे मुलाला त्या क्षणी कळतं.

गुदगुल्यांचा नियम आमच्या घरात त्या रात्रीनंतर आला. ‘थांब’ म्हटलं की हात लगेच वर. समोरचा हसत असला तरी. पुन्हा सुरू करायचं तर त्याने ‘परत’ म्हणायला हवं. आठवडाभर मुलाने नुसती परीक्षा घेतली. ‘थांब’, ‘परत’, ‘थांब’. प्रत्येक वेळी हात खरंच थांबतात ना, हे त्याला बघायचं होतं. हाच नियम त्यालाही लागू होता. धाकटी ‘नको’ म्हणाली की त्याचेही हात वर. ज्या मुलाला दुसऱ्याचा नकार पाळता येत नाही, त्याला फक्त आपला नकार शिकवला तर त्याचा ठामपणा दांडगाईकडे झुकतो.

‘अशाने पोरं डोक्यावर बसतील’ असं म्हणणारे भेटतील. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलाला देतं, आणि एकोणिसावं कलम सर्व प्रकारच्या हिंसेपासून त्याच्या संरक्षणाबद्दल आहे. रोजच्या जगण्यात ही दोन कलमं एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ज्याचं कोणी ऐकत नाही, ते मूल सांगायलाही येत नाही.

दुसरी पायरी: अवयवांची खरी नावं आणि एक स्वच्छ नियम

अंघोळ घालताना जसं कोपर, गुडघा, टाच म्हणतो तसंच शिश्न, वृषण, योनी, गुदद्वार, स्तन ही नावं सांगा. लाडाचे शब्द प्रत्येक घरात वेगळे असतात. मुलाने शिक्षकांना किंवा डॉक्टरांना त्या शब्दात काही सांगितलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि सांगायचं ते तिथेच राहून जातं. शिवाय ज्या अवयवाचं नावही आपण घेत नाही, त्याबद्दल बोलायचं नसतं हे मूल आपोआप शिकतं.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. मला ती अपुरी वाटते. इंजेक्शन दुखतं, पण ते वाईट नसतं. उलट, अत्याचार करणाऱ्याचा स्पर्श सुरुवातीला मायेचा असू शकतो, शरीराला बरा वाटू शकतो. मग मूल गोंधळतं आणि स्वतःलाच दोष देतं. त्याऐवजी भावनेवर अवलंबून नसलेला नियम द्या. ‘अंतर्वस्त्राखालचे अवयव खासगी. त्यांना कोणी हात लावायचा नाही, ते बघायचे नाहीत, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, आणि स्वतःचे तुला दाखवायचे किंवा हात लावायला सांगायचे नाहीत. स्वच्छतेसाठी किंवा तब्येतीसाठी लागलं तर तेवढ्यापुरतं, आणि ते कधीच गुपित नसतं.’ डॉक्टर तपासतील तेव्हा घरचं माणूस सोबत असेल, हेही जोडा. आणि नियम मोडला गेला तर चूक मोडणाऱ्याची, हे दर वेळी म्हणा.

तिसरी पायरी: अंग काय सांगतं ते ओळखणं

पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, घसा कोरडा पडतो, पाय जड होतात. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आकाराला आलेल्या ‘प्रोटेक्टिव्ह बिहेवियर्स’ या पद्धतीत या खुणांना फार महत्त्व आहे. कागदावर माणसाची आकृती काढा आणि विचारा, ‘तुला भीती कुठे वाटते?’ माझ्या मुलाने मानेवर रंग भरला होता. मला वाटलं होतं पोटावर भरेल.

मग फरक दाखवा. उंच घसरगुंडीवरही पोटात खड्डा पडतो, पण तिथे मजा असते आणि उतरायचं ठरवलं तर उतरता येतं. जिथे मजा नाही, निघता येत नाही आणि कधी संपेल ते कळत नाही, तिथल्या खुणेवर विश्वास ठेवायचा आणि मोठ्या माणसाला सांगायचं. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. ‘मला तिथे कसंतरी वाटतं’ एवढं आपल्याला पुरेसं असलं पाहिजे.

चौथी पायरी: प्रत्यक्ष सराव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोहणं जसं काठावर बसून समजावता येत नाही, तसंच हे. मानसशास्त्रात ‘बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग’ नावाची रीत आहे आणि तिचे भाग चार: सांगणं, करून दाखवणं, मुलाकडून करवून घेणं, आणि लगेच काय जमलं, काय सुधारायचं ते सांगणं. नुसतं सांगून थांबलं तर मुलं उत्तरं बरोबर देतात, पण प्रसंग आल्यावर तसं वागत नाहीत. शेवटच्या दोन भागांवर सगळी मदार आहे.

आधी तीन आवाज ऐकवा. रांगेत कोणी पुढे घुसलं असं समजा. पहिला आवाज मान खाली घालून पुटपुटणारा: ‘अं… मी होतो…’ दुसरा अंगावर जाणारा: ‘ए, कळत नाही का?’ तिसरा सरळ उभं राहून: ‘इथे माझा नंबर आहे. मागे ये.’ मुलालाच ओळखायला सांगा. मुलांना दुसरा आवाज काढायला फार आवडतो. काढू द्या, पोटभर. त्यानंतरच तिसऱ्यातला फरक त्यांना अंगात जाणवतो.

मग एकेक तुकडा घ्या. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, खांदे मागे. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. डोळ्यांत बघणं जड जात असेल तर कपाळावर. हात छातीच्या उंचीला पुढे, तळवा समोर. आवाज पोटातून, खालच्या पट्टीत. आणि चेहऱ्यावरचं हसू पुसायचं. हे शेवटचं सर्वांत अवघड जातं, कारण मोठ्यांशी बोलताना हसून बोलावं हेच आपण त्यांना शिकवलेलं असतं. माझा मुलगा आरशासमोर उभा राहून ‘थांबा’ म्हणायचा आणि ओठांचे कोपरे वर जायचे. तो बोटांनी ते खाली ओढायचा. आठ-दहा दिवसांनी ते आपसूक खाली राहू लागले.

वाक्य छोटं हवं. ‘थांबा. मला हे नको आहे.’ कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. ‘मला जरा बरं नाही’ म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘काय होतंय? ये, मी बघतो.’ कारण म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेली दोरी. तो गोड बोलला, रागावला, रुसला तरी तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणायचं. घरी तुम्ही समोरचे व्हा. आधी आर्जव करा: ‘अरे, एवढंसं तर मागतोय!’ मग रुसून बघा: ‘मला वाटलं होतं तू माझा लाडका आहेस.’ रुसण्यापुढे मुलं लगेच विरघळतात, म्हणून त्याचा सराव जास्त घ्या.

बोलून झालं की पाय हलले पाहिजेत. जिथे माणसं आहेत, उजेड आहे, तिकडे जायचं. कोणी धरलं, ओढलं तर ओरडायचं, हात झटकायचा, लाथा मारायच्या, चावायचं. एरवी जे करू नको म्हणतो ते सगळं त्या वेळी चालतं, हे स्पष्ट सांगा. ओरडायचं ते अर्थ कळेल असं: ‘हे माझे बाबा नाहीत! वाचवा!’ नुसत्या रडण्याला बघणारे हट्ट समजतात. हे ओरडणं एकदा मोकळ्या जागी खरोखर करून घ्या. पहिल्यांदा बहुतेक मुलांच्या तोंडून आवाजच निघत नाही.

सराव पाच मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा पुरतो. शेवट नेहमी मुलाच्या यशाने करा, म्हणजे ठाम ‘थांबा’ ऐकून तुम्ही खरंच मागे व्हा. मुलाची परीक्षा म्हणून कोणाला तरी पळवून नेण्याचं नाटक करायला लावू नका. त्यातून मिळणारी दहशत शिकण्याच्या आड येते, आणि हे तुम्हीच घडवून आणलंत हे कळलं की तुमच्यावरचा भरवसाही जातो.

आणि हेही सांगून ठेवा: कधी कधी माणूस गोठतो. आवाज निघत नाही, पाय हलत नाहीत. मोठ्यांचंही होतं, शरीर घाबरून तसं वागतं. तसं झालं तर तू चुकलास असं नाही. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, वर्षाने, कधीही सांगितलंस तरी चालेल. हे न सांगता फक्त ‘नको म्हण’ शिकवलं, तर ज्याला म्हणता आलं नाही ते मूल आयुष्यभर स्वतःलाच बोल लावत राहतं.

पाचवी पायरी: माणसापेक्षा वागणं बघायचं

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा नियम ऐकायला सोपा आहे, पण तो दोन्हीकडून फसतो. लहान मुलाच्या मनात अनोळखी म्हणजे भयानक दिसणारा माणूस. गोड हसून दोन वाक्यं बोललेला माणूस त्याच्या लेखी ओळखीचा होतो. दुसरं म्हणजे, मुलांवर लैंगिक अत्याचार करणारे बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, शिकवणारे, मोठी मुलं. आणि मूल गर्दीत हरवलं तर त्याला मदत अनोळखी माणसाकडेच मागावी लागते.

म्हणून ‘आधी विचारायचं’ हा नियम लावा. कुठे जाण्याआधी, कोणाच्या गाडीत बसण्याआधी, काही घेण्याआधी, ठरलेला बेत बदलण्याआधी, त्या वेळी जबाबदार असलेल्या मोठ्या माणसाला विचारायचं. विचारायला कोणी नसेल तर उत्तर ‘नाही’. समोरचा ओळखीचा असो वा नसो, नियम तोच, त्यामुळे मुलाला माणसं जोखत बसावं लागत नाही. कोणाला घ्यायला पाठवायची वेळ येत असेल तर घरचा एक परवलीचा शब्द ठरवा. एकदा वापरला की बदला. हरवल्यावर आहे तिथेच थांबायचं, आणि काउंटरवरच्या माणसाला किंवा सोबत लहान मुलं असलेल्या बाईला सांगायचं. घरचा फोन नंबर चालीवर म्हणायला शिकवा, पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना तो पाठ होतो.

गुपितांचं वेगळं बोला. आनंदाचं गुपित ठरल्या दिवशी उघडतं आणि सगळे खूश होतात. दुसरं गुपित कधीच उघडायचं नसतं आणि ते बाळगताना पोटात दुखतं. अंग, भेटवस्तू, फोटो आणि मोबाईलवरचे खेळ याबद्दल घरात गुपित नसतं, हा नियम घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना ऐकवा. ज्याच्या मनात काळंबेरं असेल त्याला त्यातून जे समजायचं ते समजतं.

मोठ्यांनी ओळखायच्या खुणा वेगळ्या. एकाच मुलावर जास्त माया, कारण नसताना भेटी, एकटं गाठायची धडपड, ‘तुझ्या घरच्यांना तू कळत नाहीस, मला कळतोस’ अशी बोलणी, आणि छोटे नियम मोडून बघणं: ‘आजच्या दिवस चालतं, घरी सांगू नकोस.’ अशी माणसं आधी पालकांचा विश्वास कमावतात. त्यामुळे ‘तो तसा नाही’ हे आपलं मत पुरावा म्हणून धरू नका.

सहावी पायरी: पाच बोटं, पाच माणसं

मुलाचा पंजा कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. प्रत्येक बोटावर अशा मोठ्या माणसाचं नाव, ज्याला मूल काहीही सांगू शकेल. नावं त्याने निवडायची. किमान दोन घराबाहेरची असावीत, कारण त्रास घरातूनच होत असेल तर घराबाहेरचंच बोट कामाला येतं. तुमचं नाव आलं नाही तर रुसू नका, विचार करा. मग त्या पाच जणांना सांगा की तुमचं नाव या हातावर आहे. पहिल्याने ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्या बोटाकडे जायचं, मग तिसऱ्याकडे. कोणीतरी खरंच काही करेपर्यंत.

मोबाईलवर

नियम तेच राहतात, वेग बदलतो. खेळातल्या गप्पांतून कोणी दुसऱ्या ॲपवर बोलावलं, फोटो मागितला, वय किंवा घरी कोण आहे ते विचारलं, कोणाला सांगू नकोस म्हणालं, तर थांबायचं आणि दाखवायचं. फोटोवरून कोणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, काही पुसायचं नाही. स्क्रीनशॉट घेऊन मोठ्यांकडे जायचं. याला मुलं तयार होतात ती एका वचनावर: ‘सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही.’ हे वचन दिलंत तर पाळावं लागेल, राग आला तरी.

मूल सांगायला येतं तेव्हा

ते बहुधा तुम्ही भलत्याच कामात असताना येईल, आणि अर्धंच सांगेल. ‘मला त्या क्लासला नाही जायचं.’ हातातलं काम ठेवा, त्याच्या उंचीला बसा. आवाज शांत ठेवा. तुम्ही हादरलात असं दिसलं तर ते उरलेलं गिळून टाकेल. ‘सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही.’ ही तीन वाक्यं आधी. मग ‘पुढे काय झालं?’ असा मोकळा प्रश्न. ‘तू गेलासच का?’, ‘तेव्हाच का नाही बोललास?’ असे प्रश्न नकोत, आणि ‘त्याने असं केलं का?’ असं सुचवून विचारणंही नको. तपशील एकदाच, मूल देईल तेवढा. त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन,’ असं म्हणा. त्या माणसाला मुलासमोर फैलावर घेऊ नका. आधी मूल त्याच्यापासून लांब, मग बालसंरक्षण यंत्रणा किंवा पोलीस. शारीरिक अत्याचार नुकताच घडला असेल तर अंघोळ घालण्याआधी आणि कपडे धुण्याआधी डॉक्टरांकडे. पुढे एखाद्या दिवशी मूल ‘तसं काही झालंच नव्हतं’ म्हणेल. मुलं घाबरून किंवा घरातला ताण बघून शब्द मागे घेतात. तेवढ्यावर विषय मिटवू नका.

सहामाहीतून एकदा पंजाचा कागद काढा आणि नावं अजून तीच आहेत का ते विचारा. नवा क्लास, नवे शिक्षक, पहिला फोन, घराबाहेर मुक्कामाची पहिली रात्र, या प्रत्येक वेळी तो पुन्हा बाहेर काढा. आमचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. मागच्या वेळी त्याने एक नाव खोडलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, ‘त्यांना काही सांगितलं की ते आधी हसतात.’ त्या बोटावर नवं नाव लिहायला त्याने दोन दिवस घेतले, आणि त्या माणसाला सांगायला तो स्वतःच गेला.